रुडकी : आधी कालवा, मग कॉलेज, मग विद्यापीठ, मग आयआयटी

कालवाकाठ (धागाकर्ता)

परवा शेजारच्या धाग्यावर "देशातलं सर्वांत जुनं इंजिनिअरिंग कॉलेज कुठलं" यावरून चांगलीच जुंपली. मद्रासच्या गिंडीचे, पुण्याचे, कलकत्त्याजवळच्या शिबपूरचे, सगळ्यांचे वकील हजर. तिथे अवांतर नको म्हणून हा वेगळा धागा. वयाच्या शर्यतीत मला रस नाही. गिंडीची मोजणी शाळा १७९४ ची आहे, घ्या तो नंबर आणि मिटवा. माझा विषय हरिद्वारजवळची रुडकी, कारण तिथे आधी काम निघालं, ते माणसांवाचून अडलं आणि मग कॉलेज काढावं लागलं.

१८३७-३८ साली गंगा-यमुनेच्या दुआबात (दोन नद्यांमधल्या प्रदेशात) भीषण दुष्काळ पडला. माणसं मेली, कंपनी सरकारचा सारा बुडाला आणि मदतकार्याचा खर्च वर आला तो वेगळाच. त्यानंतर प्रोबी कॉटलीची हरिद्वारपासून कानपूरपर्यंत गंगेचा कालवा नेण्याची योजना पुढे सरकली. कॉटली मुळात तोफखान्यातला अधिकारी, यमुनेच्या जुन्या कालव्यांच्या दुरुस्तीवर राहून शिकलेला. १८४२ मध्ये खोदाई सुरू झाली. हरिद्वारच्या पंड्यांनी हरकत घेतली, गंगा अडवायची नाही म्हणून. तेव्हा बांधात पाण्याला मोकळी वाट ठेवायची आणि घाट दुरुस्त करून द्यायचे असं ठरलं. कामाचा शुभारंभ गणपतीची पूजा करून झाला, हे आपल्यासाठी खास.

खरी गंमत हरिद्वार ते रुडकी या जेमतेम तीस किलोमीटरच्या टप्प्यात आहे. शिवालिकच्या टेकड्यांतून उतरणारे नाले इथे कालव्याला आडवे येतात. वर्षभर कोरडे, पावसाळ्यात अंगावर येणारे. राणीपूर आणि पथरी हे दोन नाले कॉटलीने कालव्याच्या डोक्यावरून नेले. रतमऊ नदी धनौरीला कालव्याच्याच पातळीवर आत घेतली आणि समोरच्या दारांतून पलीकडे सोडली. सोलानी नदी रुडकीजवळ आली तेव्हा उलटा प्रकार केला, अख्खा कालवाच नदीवरून नेला. १५ कमानी, प्रत्येक गाळा ५० फूट, जलसेतूची लांबी ९२० फूट, आणि दोन्ही अंगांना लांबच लांब भराव. पाया वाळूत विहिरी उतरवून घेतला. पाटबंधाऱ्याच्या पेपरात "क्रॉस ड्रेनेजचे (म्हणजे कालवा आणि नाले एकमेकांना ओलांडतात त्या बांधकामांचे) प्रकार आकृतीसह लिहा" असा प्रश्न हमखास असतो. त्याचं उत्तर एका दुपारी मोटारीतून बघता येतं.

आता विचार करा, हे काम करणार कोण? विटा, भट्ट्या, चुना, सगळं जागेवर करावं लागत होतं. त्याहून मोठी अडचण म्हणजे लेव्हल घेणारा, साखळी ओढणारा, नकाशा काढणारा, मोजमाप लिहिणारा माणूस कुठून आणायचा? प्रत्येक ओव्हरसियर (कामावर देखरेख करणारा) विलायतेहून बोलावणं परवडणारं नव्हतं. वायव्य प्रांताचे (साधारण आजचा उत्तर प्रदेश) लेफ्टनंट गव्हर्नर जेम्स थॉमसन यांनी १८४७ मध्ये रुडकीला कॉलेज काढलं ते यासाठी. पहिले प्राचार्य बंगाल इंजिनिअर्समधले लेफ्टनंट मॅक्लॅगन. शेजारी कालव्याचा कारखाना, समोर सोलानीचं काम. वर्गातून उठायचं आणि कामावर जायचं.

थॉमसन १८५३ मध्ये वारले. ८ एप्रिल १८५४ ला कालव्यात पाणी सुटलं ते त्यांनी पाहिलं नाही. त्याच वर्षी कॉलेजला त्यांचं नाव मिळालं : थॉमसन कॉलेज ऑफ सिव्हिल इंजिनिअरिंग. मुख्य कालवा तेव्हा ३४८ मैल लांब होता, शाखा धरल्या तर आणखी ३०६.

पुढचं थोडक्यात : संयुक्त प्रांताच्या १९४८ च्या कायद्याने विद्यापीठ, १९४९ च्या नोव्हेंबरात नेहरूंच्या हस्ते सनद. स्वतंत्र भारतातलं ते पहिलं तांत्रिक विद्यापीठ. २००० साली उत्तराखंड वेगळा झाला आणि रुडकी नव्या राज्यात गेली. २१ सप्टेंबर २००१ पासून सातवी आयआयटी.

मी पाटबंधारे खात्यात नोकरी केली. तिथल्या जलसंपदा प्रशिक्षण केंद्रात खात्याने मला पाठवलं होतं. हे केंद्र १९५५ चं, आशिया-आफ्रिकेतल्या नोकरदार इंजिनिअरांसाठी काढलेलं. तेव्हापासून एक मत डोक्यात आहे, ते वादासाठी इथे टाकतो : रुडकीचे चांगले दिवस तेच, जेव्हा शेजारी एखादं मोठं काम चालू होतं किंवा कुठेतरी काही मोडलं होतं. नुसत्या वर्गाच्या जोरावर तिथे फारसं काही घडलं नाही. या, फाडून खा.

बोरीबंदर

छान लेख, काका. पण एक मुद्दा येणारच होता तो मीच आणतो. दर १६ एप्रिलला कोणीतरी फॉरवर्ड पाठवतं, "भारतातली पहिली रेल्वे बोरीबंदर-ठाणे नव्हे, रुडकीची!" तर २२ डिसेंबर १८५१ ला रुडकी ते पिरान कलियर असं वाफेचं इंजिन धावलं, हे खरं. सोलानीच्या भरावासाठी माती वाहायला. पण ती कामावरची गाडी. तिकीट काढून माणूस बसला तो १८५३ ला आमच्याकडेच.

सांडवा

बोरीबंदर, मातीची गाडी धरायची तर मद्रासजवळची रेड हिल्सची लाइन १८३७ ची आहे. दोघेही हरलात. :)

कालवाकाठ

त्या रुडकीच्या इंजिनाचं नावही थॉमसनच होतं. बाकी रेल्वेचा वाद इथे नको, नाहीतर चार पानं होतील आणि कालवा बाजूलाच राहील.

मुळामुठा

पुण्याचा माणूस म्हणून हजेरी लावतो. पुण्याची कथाही फार वेगळी नाही. १८५४ मध्ये "पूना इंजिनिअरिंग क्लास अँड मेकॅनिकल स्कूल" निघालं ते सार्वजनिक बांधकाम खात्याला हाताखालची माणसं हवी होती म्हणून. १८६६ ला पूना सिव्हिल इंजिनिअरिंग कॉलेज झालं आणि मुंबई विद्यापीठाला जोडलं गेलं. नावातलं "सिव्हिल" १९११ ला गळालं. २०२२ ला सीओईपी तंत्रज्ञान विद्यापीठ. म्हणजे रुडकीने १९४९ ला जे केलं ते आम्ही त्र्याहत्तर वर्षांनी.

पण एक फरक सांगतो. विश्वेश्वरय्या १८८३ ला पुण्यातून एल.सी.ई. (तेव्हाची सिव्हिल इंजिनिअरिंगची पदवी) झाले, पुढच्या वर्षी मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात असिस्टंट इंजिनिअर. नाशिक, खानदेश, मग पुणे. खडकवासल्याच्या सांडव्यावर १९०३ ला त्यांची आपोआप उघडणारी दारं बसली. हे सगळं दख्खनच्या धरणांवरचं शहाणपण. उत्तरेत बारमाही नदी, सपाट गाळाची जमीन, प्रश्न असा की कालवा स्वतःचंच पात्र खाऊ नये. आपल्याकडे नदी चार महिन्यांची, खाली काळा पाषाण, प्रश्न असा की पाणी साठवायचं कुठे आणि वाटायचं कसं. दोन कॉलेजांचा स्वभाव यातून घडला असं मला वाटतं. "रुडकी पहिली की पुणे" हे भांडणच त्यामुळे फजूल.

अवांतर : पुण्याचे एक प्राचार्य थिओडोर कूक यांचं नाव आज इंजिनिअरांपेक्षा वनस्पतिशास्त्रवाल्यांना जास्त माहीत आहे. मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरचा मोठा ग्रंथ त्यांचा. प्राचार्य पूल शिकवायचे आणि सुट्टीत झाडं गोळा करायचे की काय कोण जाणे.

चिकित्सक_चिंगी

पुणे, रुडकी सगळं ठीक, पण मुंबईत १८२३ सालीच जॉर्ज जर्विस यांची इंजिनिअर इन्स्टिट्यूशन होती, हे कोणी का सांगत नाही? तिथे मोजणी आणि गणित चक्क मराठी-गुजरातीतून शिकवत होते, त्यासाठी मराठीत गणिताची पुस्तकं तयार करून घेतली होती. १८३२ ला बंद पडली. रुडकी निघण्याच्या पंधरा वर्षं आधी आपण हे करून, मोडून मोकळे.

आणि कालवाकाठ काका, तुमचा लेख वाचताना एक प्रश्न पडला. "माणसं हवी होती म्हणून कॉलेज" हे वाचायला गोड वाटतं. पण कुठली माणसं, कुठल्या जागेसाठी? तिथे सगळे एका बाकावर बसत नव्हते.

ओव्हरसियरचा नातू

चिंगीताई, बरोबर ठिकाणी बोट ठेवलंत. माझे आजोबा मुंबई राज्यात ओव्हरसियर होते म्हणून मला या उतरंडीचं कुतूहल.

१८४७ च्या योजनेतच रुडकीचे तीन भाग होते. एक, इंग्रजी येणारी देशी मुलं, त्यांनी सब-असिस्टंट एक्झिक्युटिव्ह इंजिनिअर व्हायचं. दुसरा, युरोपियन सैनिक आणि हवालदार-सार्जंट दर्जाचे लोक, त्यांनी ओव्हरसियर व्हायचं. तिसरा, देशी मुलं, त्यांना देशी भाषेतून मोजणी, लेव्हल आणि नकाशे. पुढे याचंच इंजिनिअर क्लास, अपर सबॉर्डिनेट आणि लोअर सबॉर्डिनेट झालं. कुठल्या वर्गात बसलात त्यावर तुमची खुर्ची, पगार आणि पुढची सगळी हयात ठरायची. इंजिनिअर क्लासात देशी मुलं अनेक वर्षं मोजकीच.

त्यात १८७२ ला इंग्लंडमध्ये कूपर्स हिलचं रॉयल इंडियन इंजिनिअरिंग कॉलेज उघडलं. हेतू एकच, इथल्या बांधकाम खात्याच्या वरच्या जागा तिकडून भरायच्या. रुडकीच्या पास झालेल्यांना सरकारी जागा मिळायच्या त्या मोजून. कूपर्स हिल १९०६ ला बंद झालं, पण तोवर खात्याची पद्धत पक्की बसली होती. आजही आपल्याकडे डिप्लोमावाला आणि डिग्रीवाला यांचं बढतीवरून जे चालतं ते बघा. कनिष्ठ अभियंता, शाखा अभियंता, उपअभियंता, कोटा किती, सेवाज्येष्ठता कुठून धरायची. मुलं शिकली म्हणून ही शिडी तयार झालेली नाही. शिडी आधी होती, तिच्या पायऱ्यांच्या मापाने वर्ग काढले गेले.

कालवाकाठ

नातूसाहेब, एक नंबर प्रतिसाद. यात एकच भर. ज्या मोजक्या देशी मुलांना इंजिनिअर क्लास मिळाला त्यांनी काय केलं तेही बघा. गंगाराम १८७३ ला रुडकीतून बाहेर पडले. लाहोरचं हायकोर्ट, म्युझियम, टपाल कार्यालय, एचिसन कॉलेज, सगळ्यांवर त्यांचा हात आहे. नोकरीनंतर माळरान जमीन घेऊन पंपाने पाणी चढवून शेती केली. लाहोरचं गंगाराम हॉस्पिटल त्यांच्या पैशांतून उभं राहिलं, आणि दिल्लीचं फाळणीनंतरचं त्यांच्याच नावाने.

सांडवा

आता मी जरा तिखट बोलतो. काका, तुमचं मत "शेजारी काम होतं म्हणून रुडकी चांगली". मान्य. पण मग कबूल करा की त्या कामात पहिली मोठी चूकही तिथलीच होती.

गंगा कालव्याला ढाळ जास्त दिला गेला. कॉटलीच्या हिशेबापेक्षा पाणी जोरात धावायला लागलं. तळ खरवडला गेला, कालव्यात बांधलेल्या धबधब्यांच्या खालचं बांधकाम उखडलं. गोदावरी-कावेरीवाले आर्थर कॉटन तर तुटूनच पडले. त्यांचं म्हणणं, कालव्याचं तोंड हरिद्वारला घेतलंच का? आणखी खाली घेतलं असतं तर हे नाले ओलांडायचा खटाटोपच वाचला असता. १८६० च्या दशकात दोघांचं छापील भांडण झालं, पुस्तिकांवर पुस्तिका. तुम्ही ज्या राणीपूर, पथरी, धनौरी, सोलानीचं कौतुक केलंत ते कॉटनच्या नजरेत टाळता येणारं लचांड होतं. शेवटी कालव्याची डागडुजी करून ढाळ आवरावा लागला.

आणि गाळाच्या जमिनीत कालव्याला किती वेग द्यायचा, हे कळलं ते रुडकीत नाही. केनेडीने ते १८९५ ला पंजाबच्या बारी दुआब कालव्यावर मोजून काढलं. बंधाऱ्याखालून पाणी कसं झिरपतं ते रुडकीतच शिकलेल्या खोसलांनी सांगितलं, पण तेही पंजाबात. ब्लायचं जुनं गणित म्हणायचं, पाणी फरशीच्या तळाला चिकटून रांगत जातं, तेव्हा रस्ता लांब करा म्हणजे झालं. अप्पर चिनाब कालव्याच्या सायफनांना (नाल्याचं पाणी कालव्याखालून नेणाऱ्या बांधकामांना) त्रास सुरू झाला तेव्हा खोसलांनी खाली नळ्या घालून दाब मोजले, आणि ते ब्लायच्या हिशेबात बसेनात. मग १९३६ ला खोसला, बोस आणि टेलर यांचं काम आलं. पाणी खालच्या टोकाला बाहेर पडताना वाळू उचलतं का, हे बघा. तिथे शीट पाइल (जमिनीत ठोकलेली उभी पत्र्यांची भिंत) खोल घातलं नाहीत तर वरची फरशी कितीही लांबवा, वाळू निघून जाणार आणि बंधारा खचणार. हे सगळं लाहोरच्या संशोधन केंद्राभोवती घडलं. रुडकीने माणूस दिला, ज्ञान कालव्याने दिलं.

मुळामुठा

सांडवा, जबरदस्त. परीक्षेत खोसलाचे तक्ते वापरले तेव्हा हे कोणी सांगितलं असतं तर चार मार्क जास्त मिळाले असते.

कालवाकाठ

सांडवा, तुम्ही माझ्याच बाजूने बोलताय! मी तेच म्हणतोय, जिथे मोडतं तिथे शिकणं होतं. पण "रुडकीने फक्त माणूस दिला" हे मला जरा कमी वाटतं. कालव्यावर माणसं शेकडो होती. त्यांच्यातल्या एकालाच नळ्या घालून दाब मोजावासा वाटला, तो १९१६ चा रुडकीचा विद्यार्थी. आणि हेच अजुध्यानाथ खोसला १९५४ ते ५९ रुडकी विद्यापीठाचे कुलगुरू होते. त्याआधी केंद्रीय जल आयोगाचे पहिले अध्यक्ष. जलसंपदा प्रशिक्षण केंद्र त्यांच्याच काळातलं. म्हणजे कालव्यावर शिकलेलं परत वर्गात आलं.

दुसरं, रुडकीचा छापखाना विसरू नका. १८६० च्या दशकात मेजर मेडली यांनी तिथे इंजिनिअरांचे कामावरचे लेख छापायला सुरुवात केली. कोण कुठे पूल बांधतोय, कुठे बांध फुटला, चुन्यात सुरखी (विटांची पूड) किती घातली, असलं सगळं. पेशावरच्या इंजिनिअरला म्हैसूरचा खर्च कळायला लागला. त्या काळात खात्याला याहून उपयोगी दुसरं काय देता आलं असतं?

पोफळीचा

मी आजवर नुसता वाचक होतो, पण "कुठेतरी काही मोडलं होतं" हे वाचून लिहावंसं वाटलं. आमच्याकडेच मोडलं होतं.

११ डिसेंबर १९६७, पहाटे चार-सव्वाचारचा सुमार. कोयनेचा भूकंप. माझा जन्म नंतरचा, पण घरातल्या मोठ्यांच्या तोंडून तो इतक्यांदा ऐकलाय की मीच तिथे होतो असं वाटतं. कोयनानगर जमीनदोस्त झालं, सुमारे १८० माणसं गेली. तीव्रता ६.३ की ६.५ यावर आजही वेगवेगळे आकडे दिसतात.

तोपर्यंत दख्खनचं पठार म्हणजे भूकंपाच्या बाबतीत मेलेली जमीन असं सगळे धरून चालले होते. धरण १०३ मीटर उंच, आणि त्याच्या संकल्पनात भूकंपाचा आडवा जोर धरला होता गुरुत्वाकर्षणाच्या ५ टक्के. धरणाच्या पोटातल्या गॅलरीत त्वरणमापक यंत्र होतं, ते त्या पहाटे चालू राहिलं. त्याने नोंदवलेला सर्वांत मोठा झटका होता ६३ टक्क्यांचा. धरण उभं राहिलं. पण उंच गाळ्यांच्या दोन्ही अंगांना आडव्या भेगा पडल्या, मुख्यतः जिथे खालच्या बाजूचा उतार एकदम बदलतो त्या पातळीला. नंतर मागून काँक्रीटचे टेकू देऊन ते मजबूत केलं.

आता रुडकी. भूकंप अभियांत्रिकीचं शिक्षण-संशोधन केंद्र तिथे १९६० मध्ये सुरू झालं होतं. प्रा. जय कृष्ण यांनी ते उभं केलं. देशात या विषयाचं दुसरं असं ठिकाण नव्हतं. कोयनेच्या त्या नोंदीचं विश्लेषण जय कृष्ण आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६९ मध्ये अमेरिकेतल्या भूकंपशास्त्राच्या नियतकालिकात छापलं. बर्कलीतही त्यावर काम झालं. आज जगात कुठेही काँक्रीटच्या धरणाचं भूकंपाचं गणित शिकवतात तिथे "कोयना" हे नाव येतंच. आणि १९७० च्या आवृत्तीत भूकंपाच्या प्रमाण-संहितेचा नकाशाच बदलला. सातचे पाच विभाग झाले, कोयनेचा भाग वरच्या विभागात गेला.

आमच्या घराच्या भिंती पुन्हा बांधताना मिस्त्रीला कोणी विभाग-बिभाग सांगितला नव्हता, ते सोडा. पण धरणावरच्या साहेबांच्या तोंडी रुडकीचं नाव असायचं, असं वडील सांगायचे.

चिकित्सक_चिंगी

अंगावर काटा आला. पोफळीचा, लिहीत राहा.

तुमचं शेवटचं वाक्य मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. धरणाला रुडकी मिळाली, घराला मिळाली का? ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीत हजारो माणसं गेली ती धरण फुटून नाही. दोन-अडीच फूट जाडीच्या दगड-मातीच्या भिंती आणि वर माळवदाचा ढीग. भिंतीचा आतला थर आणि बाहेरचा थर एकमेकांना बांधलेलाच नसायचा.

पोफळीचा

ताई, तो विषयही रुडकीत होता. प्रा. आनंद आर्य यांनी बरीच वर्षं साध्या, इंजिनिअर न लावता बांधलेल्या घरांवर काम केलं. भिंतीच्या आरपार जाणारा लांब दगड ठरावीक अंतरावर घाला, दारा-खिडक्यांच्या वर सलग पट्टा फिरवा, कोपरे बांधा. हे लिहिलेलं होतं, प्रयोगही झाले होते. किल्लारी घडलं त्याच वर्षी कमकुवत दगडी-मातीच्या बांधकामासाठी वेगळी प्रमाण-संहिताही निघाली. अडलं ते पुढे. गावातल्या गवंड्यापर्यंत ते कागद पोचवायचे कोणी?

ओव्हरसियरचा नातू

इथेच माझी जुनी शिडी परत आली बघा. १८४७ च्या योजनेत तिसरा वर्ग होता, देशी भाषेतून शिकवणारा. त्यातला मुलगा गावाशी बोलू शकायचा. विद्यापीठ झालं, आयआयटी झाली, त्या वर्गाचं पुढे काय झालं? तो आयटीआय आणि तंत्रनिकेतनांकडे गेला आणि आपण म्हणालो बरं झालं, दर्जा वाढला. गोऱ्या साहेबाने आपल्या सोयीसाठी काढलेल्या वर्गाची तारीफ करायला मला आवडत नाही, पण गवंडी आणि प्राध्यापक एकाच आवारात दिसण्याची सोय त्यात होती.

नवा_भिडू

काका लोक, मी सिव्हिलच्या तिसऱ्या वर्षाला आहे (पुण्यात नाही, रुडकीत नाही, नाव सांगत नाही). तुमचं सगळं वाचलं. खरं सांगू का, आमच्या वर्गातल्या निम्म्या पोरांना कॉम्प्युटरला नंबर लागला नाही म्हणून सिव्हिल मिळालंय. साइट व्हिजिट म्हणजे एक दिवस बस, समोसा आणि ग्रुप फोटो. रुडकी सिव्हिलचं विद्यापीठ होतं म्हणता, आता तिथेही वरचे रँकवाले कॉम्प्युटरच घेतात. मग आयआयटी होऊन सिव्हिलचा फायदा झाला की तोटा?

सांडवा

पोरा, फायदा-तोटा दोन्ही. पैसा आला, प्रयोगशाळा सुधारल्या, देशभरची पोरं आली. पण विद्यापीठ होतं तेव्हा सिव्हिल हे घरातलं थोरलं होतं, आता बऱ्याच भावंडांतलं एक. मला विचारशील तर रुडकीचं खरं भांडवल तिच्या आजूबाजूला आहे. इमारत संशोधनाची केंद्रीय संस्था १९४७ पासून तिथे. बंगाल सॅपर्सचं (लष्करातल्या इंजिनिअर तुकडीचं) केंद्र १८५३ पासून. पाटबंधारे संशोधन संस्था वेगळी. एका लहान गावात एवढी बांधकामवाली मंडळी दुसरीकडे कुठे आहेत सांग. (सॅपर्सवरून आठवलं, छावणीत वापरायची लाकूड-कॅनव्हासची मोडती "रुरकी खुर्ची" आज परदेशात हौशी सुतार बनवून विकतात.)

मुळामुठा

नवा_भिडू, पुण्याजवळ आहेस का? असशील तर खडकवासल्याच्या जल आणि विद्युत संशोधन केंद्रात धरणांची आणि बंदरांची छोटी मॉडेलं असतात. १९१६ ची संस्था, मूळ मुंबई इलाख्याच्या पाटबंधाऱ्यातली. कॉलेजमार्फत पत्र दिलं तर बघू देतात. समोसा घरून न्या.

कालवाकाठ

मुळामुठांची सूचना छान आहे. नवा_भिडू, तुझ्या प्रश्नाला माझं उत्तर सांडव्यापेक्षा जरा वेगळं. आयआयटी झाल्याने सिव्हिल मागे पडलं असं मला वाटत नाही. १९७०-८० नंतर मोठी धरणं कमी होत गेली आणि खात्याची भरती आटली, मग मुलं दुसरीकडे वळली. काम आटलं की शाळा आटते, हे १८४७ पासूनचं आहे. आता काम आहे ते जुन्या बांधकामांचं. दीडशे-पावणेदोनशे वर्षांच्या कमानी, साठ वर्षांची धरणं, त्यांची तपासणी, डागडुजी, भूकंपाचं नव्याने गणित. हे काम नवं बांधण्याइतकं देखणं नाही, पण पोटापुरतं आणि डोक्यापुरतं भरपूर आहे. त्यात शिरायचा विचार कर.

बोरीबंदर

काका, दिवाळीच्या सुट्टीत हरिद्वार-मसुरीचं ठरतंय. कालवा बघायचा तर कुठे उतरू? आणि घरच्यांना काय सांगू?

कालवाकाठ

घरच्यांना सांगा गंगादर्शन आहे, खोटं नाही ते. सफाई-दुरुस्तीसाठी दरवर्षी साधारण दसऱ्यापासून दिवाळीपर्यंत कालवा बंद ठेवतात. त्या दिवसांत गेलात तर पाणी नसतं, पण बांधकाम उघडं दिसतं. वाहता बघायचा असेल तर दिवाळीनंतर जा. हरिद्वारला भीमगोड्याला तोंड बघा, मग कालव्याच्या कडेने मोटारीने रुडकीकडे या. वाटेत धनौरीला जरूर थांबा, तिथे नदी कालव्यात शिरते आणि बाहेर पडते ते समोर उभं राहून दिसतं. मग सोलानीचा जलसेतू. दोन्ही टोकांना दगडी सिंह आहेत, मुलांना तेवढंच आवडेल. खाली उतरून कमानींखाली जायचं असेल तर पायात बूट घाला, चप्पल नको, चिखल असतो. आयआयटीच्या आवारात जुनी थॉमसन इमारत आहे. गेटवर ओळखपत्र मागतात, सोबत ठेवा.